लाल फीत कीं दीर्घ सूत्र?

परक्या भाषेशीं दीर्घकाळ घरोबा झाला म्हणजे तिचे शब्द तर आपल्या घरांत येतातच. पण तिच्या बोलण्याच्या तऱ्हाहि हळूच येऊन बसतात. शब्द आला तर तो पाहुण्यासारखा ओळखूं येतो. टेबल, स्टेशन, कोर्ट हे शब्द उच्चारतांच त्यांचें मूळ गांव कोणतें हें शाळकरी मूलहि सांगेल. वाक्प्रचाराची गोष्ट निराळी. तो आपलेच कपडे अंगावर घालून येतो. 'प्रकाश टाकणें', 'पांढरा हत्ती', 'मगरीचे अश्रू' यांतील शब्द सगळे आपल्या ओळखीचे. कल्पना मात्र इंग्रजीच्या दारानें आलेली. 'लाल फीत' ही याच कुळांतली. 'अमुक योजना लाल फितींत अडकली' हें वाक्य आज वर्तमानपत्रांत इतक्या वेळां छापलें जातें कीं, तें वाचतांना डोळ्यांपुढें फीत येतच नाहीं. येतें तें कचेरींतलें बंद कपाट.

आमच्या शिक्षकी पेशांत हा वाक्प्रचार आम्हांस पुष्कळदां शिकवावा लागला. 'रेड टेप म्हणजे कचेरीच्या कामांत नियमांच्या काथ्याकुटामुळें होणारा विलंब' हा अर्थ मुलें घडाघड म्हणत. पण ही फीत कोणती, ती लाल कां, आणि ती कोणी कशास बांधली, असें विचारलें म्हणजे वर्गांत शांतता पसरे. मुलींच्या वेणीच्या फितीपलीकडे कोणाची दृष्टि जात नसे. त्या तीन प्रश्नांचीं उत्तरें येथें क्रमानें देण्याचा विचार आहे. पहिल्या दोहोंचीं उत्तरें मौजेचीं आहेत. तिसऱ्याचें मात्र मौजेपुरतें नाहीं.

इंग्लंडांत वकिलांचीं व सरकारी कचेऱ्यांचीं कागदपत्रें सुटीं राहूं नयेत म्हणून तीं घडी घालून अरुंद कापडी फितीनें बांधण्याची चाल सतराव्या शतकापासून दिसते. तिकडील बॅरिस्टरांकडे येणारे खटल्याचे कागद आजहि फितीनेंच बांधतात, आणि ती फीत पाहूं गेल्यास लाल नसून गुलाबी असते. सरकारपक्षाच्या कागदांस तेवढी पांढरी. कागद बांधण्याची ही साधी वस्तु अठराव्या शतकांत अधिकारीपणाची खूण म्हणून विनोदानें उल्लेखिली जाऊं लागली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिला आजचा निंदेचा अर्थ कायमचा चिकटला. टॉमस कार्लाइल यानें १८५० च्या आपल्या 'लॅटर-डे पॅम्फ्लेट्स' या निबंधांत फितीच्या राज्यकारभारावर तोंडसुख घेतलें. त्याच सुमारास चार्ल्स डिकन्स यानें 'डेव्हिड कॉपरफील्ड' कादंबरींत आपली देशमाताच या फितीनें जखडलेली रंगविली. डिकन्स कोवळ्या वयांत वकिलाच्या कचेरींत कारकून होता व पुढें पार्लमेंटच्या भाषणांचा वार्ताहर झाला. तेव्हां फीत त्यानें हातांत धरून पाहिलेली होती. त्यानंतर क्रिमियाचें युद्ध झालें. १८५४-५५ च्या हिंवाळ्यांत इंग्रज सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षां थंडीनें, उपासमारीनें व रोगानें अधिक मेले, आणि पुरवठ्याच्या व्यवस्थेंतील गोंधळाविषयीं देशभर संताप उसळला. त्या संतापाच्या काळांत, १८५५ ते १८५७ मध्यें, डिकन्सची 'लिट्ल डॉरिट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तींत एक सरकारी खातें आहे. त्याच्या इंग्रजी नांवाचें मराठी 'वळसेखातें' असें करतां येईल. कोणतेंहि काम होऊं न देण्याची विद्या पूर्णत्वास नेणें, एवढाच त्या खात्याचा उद्योग. असा हा वाक्प्रचार माणसांच्या दुःखांतून रूढ झालेला आहे. केवळ शाब्दिक कोटींतून नव्हे.

आतां रंगाचें पाहूं. येथें आमच्या वऱ्हाडच्या वाचकांस थोडें आश्चर्य वाटेल. इंग्लंडांतील त्या फितीस एकोणिसाव्या शतकांत जो तांबूस रंग देत, तो करडईच्या फुलांचा! जिला अमरावती-अकोल्याकडे आपण करडी म्हणतों, जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी हिंवाळ्यांत पानांत पडते, जिचें तेल घाण्यावरून घरीं येई, तीच ही. संस्कृतांत हिला 'कुसुंभ' असें नांव आहे, आणि आपला 'कुसुंबी' रंग तो हिचाच. करडीच्या पाकळ्यांत दोन रंग असतात, एक पिवळा व दुसरा तांबडा. पिवळा पाण्यांत विरघळतो. म्हणून पाकळ्या पुनःपुन्हां धुऊन तो आधीं काढून टाकीत. मग राहिलेल्या पाकळ्या खाराच्या पाण्यांत मळल्या म्हणजे तांबडा सुटे, आणि त्या पाण्यांत लिंबासारखा आंबट रस पिळला कीं तो सुती कापडावर धरे. हिंदुस्थानांतून, विशेषतः बंगालच्या ढाका भागांतून, हीं वाळलेलीं फुलें लंडनच्या बाजारांत जात. १८५६ सालीं विल्यम पर्किन या तरुण रसायनज्ञानें कृत्रिम जांभळा रंग शोधून काढला. त्याच्यामागून कृत्रिम रंगांची रांग लागली व कुसुंब्याचा व्यापार बसला. आज करडी पिकते ती तेलासाठीं. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठानें करडीचीं जीं वाणें काढलीं, त्यांतील एकाचें नांव 'पीकेव्ही पिंक' असें आहे. फितीचा गुलाबी रंग निदान नांवापुरता तरी वऱ्हाडांत अजून आहे म्हणावयाचा!

रंग करडीचा, तसें सूत कापसाचें. आणि अमरावतीचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारांत आपल्या गांवाच्याच मोडक्या नांवानें, 'उमरावती' म्हणून, विकला जाई. परंतु एवढ्यावरून इंग्रजांच्या फितीवर वऱ्हाडचा हक्क सांगण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं या कुसुंभरंगाचा स्वभाव फार पूर्वीं ओळखून ठेवला होता. विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त प्रेमाचे तीन प्रकार रंगांच्या उपमेनें सांगितले आहेत. पहिला नीलीराग, म्हणजे निळीसारखा. तो बाहेर फारसा झळकत नाहीं, पण जातहि नाहीं. दुसरा मंजिष्ठाराग, तो झळकतोहि व टिकतोहि. तिसरा कुसुंभराग, तो झळकतो खरा, पण उडून जातो. ही नुसती कविकल्पना नव्हे. करडीचा तांबडा रंग उन्हांत व धुण्यांत टिकत नाहीं हें प्रत्येक रंगाऱ्यास ठाऊक होतें. फितीला तो चालला, कारण फीत कपाटांत राही. प्रकाश लागला कीं विटणारा रंग कचेरीनें पसंत करावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे; त्याचा उपयोग पुढें होईल.

'लाल फीत' हे शब्द तरी किती देशांचे! 'फीत' आपणांकडे पोर्तुगीजांनीं आणली. त्यांच्या भाषेंत 'फिता'. 'लाल' फारसींतून आला. त्याचा मूळ अर्थ माणिक. अस्सल मराठी म्हणावा तो 'तांबडा', ताम्रापासून झालेला. म्हणजे फारसी विशेषण, पोर्तुगीज नाम आणि इंग्रजी लक्षणा, अशी ही त्रिवेणी आहे. कचेरीच्या भाषेचा तर पायाच फारसी. 'दप्तर' हा शब्द फारसींतून आला, आणि त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील चामड्याच्या शब्दांत सांपडतें, कारण पूर्वीं चामड्यावर लिहीत. तोच शब्द आज कलेक्टरच्या कचेरीसहि आहे व पहिलींतल्या मुलाच्या पिशवीसहि. 'बस्ता' म्हणजे बांधलेलें. तो कचेरीच्या कागदांचाहि असे, आणि आपल्या घरांत लग्नाच्या कापडांचाहि काढतात. आणि 'दिरंगाई'? तिच्यांतला 'दिरंग' फारसी असून त्याचा अर्थच विलंब. इंग्रजी फीत येण्यापूर्वींच आपल्या कचेऱ्यांत दिरंगाई नांदत होती, याला याहून निराळा पुरावा नको. 'भिजत घोंगडें', 'कागदी घोडे', 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' हे प्रयोग कोणा साहेबानें शिकविलेले नाहींत.

तेव्हां कागद बांधून ठेवण्यांतच दोष आहे काय? मुळींच नाहीं. कागद सुटे राहिले तर हरवतात, बदलले जातात, एकाचे दुसऱ्यांत मिसळतात. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील असंख्य कागद कापडी रुमालांत बांधलेले होते म्हणूनच आजवर राहिले. त्यांतून निवडलेले कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० पासूनच्या चार-पांच वर्षांत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले व मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग उजेडांत आला. पण त्यापूर्वींच्या काळांत तेच दप्तर देशी संशोधकांस जवळजवळ बंद होतें. वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचे पेटारे उघडून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' जमविलीं व त्यांचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर पडला. रुमालाच्या गांठीनें कागद वांचविले. आणि सोडण्यास कोणी तयार नव्हतें तोंवर त्याच गांठीनें ते कोंडूनहि ठेविले. हरभऱ्याच्या वा गव्हाच्या शेताकडेनें करडीचे चार तास पेरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कांट्यांमुळें गुरें आंत शिरत नाहींत. कुंपण असें असावें. परंतु कुंपणानेंच शेत खाल्लें तर काय करावें, हा प्रश्नहि आपल्या म्हणींनीं विचारून ठेवलेला आहे.

वऱ्हाडच्या वांट्यास तर या कुंपणाचा अनुभव अधिकच आला, कारण आमचा कागद एका जागीं कधींच थांबला नाहीं. १८५३ च्या करारानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. तेव्हांपासून वऱ्हाडचा वरिष्ठ अधिकार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडलें गेलें व कागद नागपुरास जाऊं लागले. १९५६ सालीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र झाला. कागद मुंबईस जाऊं लागले. अकोल्याहून मुंबई साडेपांचशे किलोमीटरांहून अधिक दूर. शंभर वर्षांच्या आंत ज्या प्रांताच्या अर्जानें तीन राजधान्या पाहिल्या, त्या प्रांतांतील माणसानें कचेरीविषयीं नशिबाविषयीं बोलावें तसें बोलावें, यांत नवल कसलें? 'कागद वर गेला आहे' असें आपल्याकडे म्हणतात. वर म्हणजे कोठें, आणि वर तो कोणाच्या टेबलावर आहे, हें विचारण्याची संवयच राहिली नाहीं.

येथें आपण तिसऱ्या प्रश्नाशीं येऊन पोहोंचलों. फीत बांधली कोणी? आणि याच ठिकाणीं आमचा या इंग्रजी वाक्प्रचाराशीं खरा वाद आहे.

काम लांबविणाऱ्यास संस्कृतांत एक शब्द आहे, 'दीर्घसूत्री'. गंमत अशी कीं, त्यांतहि सूतच आहे! ज्याचें सूत लांब, जो दोरा ओढीत बसतो आणि टांका कांहीं घालीत नाहीं, तो दीर्घसूत्री. इंग्रजांनीं विलंबासाठीं फीत शोधली त्यापूर्वीं कैक शतकें आपल्या पूर्वजांनीं दोरा शोधून ठेवला होता. महाभारताच्या शांतिपर्वांत तीन माशांची कथा आहे. तळ्याचें पाणी कोळी उपसूं लागले तेव्हां दूरदृष्टीचा मासा आधींच निघून गेला. प्रसंगावधानी प्रत्युत्पन्नमति कोळ्यांच्या दोरींत ओंवल्याचें सोंग करून धुण्याच्या वेळीं निसटला. तिसरा विचार करीत राहिला व मेला. पंचतंत्रांत या तिसऱ्याचें नांव 'यद्भविष्य' आहे, पण महाभारतांत त्याचें नांव 'दीर्घसूत्र' असेंच आहे. आणि गीतेच्या अठराव्या अध्यायांत भगवंतांनीं तामस कर्त्याचीं जीं लक्षणें सांगितलीं, त्यांत शेवटचें हेंच.

'तामस कर्त्याचीं' हा शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावा. गीतेंत दीर्घसूत्रीपणा हा कर्त्याचा दोष आहे. तो माणसाचा आहे. त्याला चेहरा आहे, नांव आहे. महाभारतांतल्या कथेंतहि तळें दोषी नाहीं, पाणी दोषी नाहीं. मासा दोषी आहे. 'लाल फीत' म्हटलें कीं हा कर्ताच नाहींसा होतो. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर फीत हें करण आहे, म्हणजे साधन. बांधणारा हात हा कर्ता. 'लाल फितीनें अर्ज अडविला' या वाक्यांत आपण करणास कर्त्याच्या पाटावर नेऊन बसवितों. सुरीनें खून केला असें म्हणून सुरीस शिक्षा करावी, तशांतला हा प्रकार.

कचेरीची पत्रभाषा पाहिली तर हीच युक्ति पदोपदीं दिसते. 'आपणांस कळविण्यांत येतें कीं', 'आपलें प्रकरण विचाराधीन आहे', 'योग्य ती कार्यवाही करण्यांत येत आहे'. शाळेंत आम्ही कर्मणि प्रयोग शिकवीत असूं, त्यांत कर्ता तृतीयेंत कां होईना, पण असे. 'रामानें रावण मारिला'. या वाक्यांत तो तृतीयेंतहि नाहीं. कळवितो कोण, विचार करतो कोण, कार्यवाही कोणाकडून व्हावयाची आहे? विनयासाठीं योजलेली ही वाक्यरचना जबाबदारी लपविण्याची जागा होऊन बसते. आणि त्यावर आपणहि 'काय करणार, लाल फीत!' असें म्हणून मान हालविली कीं, लपणाऱ्याचें काम पुरें होतें. तक्रारीचा शब्दच तक्रार बोथट करतो.

ही चर्चा पंडिती वाटत असेल तर वऱ्हाडांतीलच एक गोष्ट आठवावी. कर्जानें व नापिकीनें खचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं २००५-०६ च्या सुमारास आपला प्रदेश साऱ्या देशाच्या नजरेपुढें आला. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग २००६ च्या जूनअखेरीस विदर्भांत आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. मृताच्या कुटुंबास राज्य सरकारकडून १ लाख रुपयांचें साहाय्य देण्याची तजवीज झाली. तें मिळण्यापूर्वीं प्रकरणाची छाननी होई; जमीन कोणाच्या नांवावर, कर्ज कोणत्या संस्थेचें, याचे पुरावे पाहून कागदावर 'पात्र' वा 'अपात्र' असा शेरा पडे. छाननी नको असें कोण म्हणेल? सार्वजनिक पैसा आहे, गांठ हवीच. परंतु एकत्र कुटुंबाची रीत काय? सातबाऱ्यावर नांव बहुधा वडीलधाऱ्यांचें, नांगर धरणारा मुलगा, आणि हातउसने पैसे दिले ते गांवांतल्या कोणी तरी, बिनकागदाचे. अशा घरांतील विधवेनें तीन दाखले जुळवितां जुळवितां किती खेटे घालावे? तिच्या फाइलींत जो दाखला कमी असेल तो कोणी द्यावयाचा, कितव्या दिवशीं द्यावयाचा, आणि न दिल्यास उत्तर कोणाचें, हें तिला सांगणारा कोणी असला तर तो नियम. नसला तर ती फीत. नियम आणि फीत यांतला भेद आम्हांस येथें दिसतो. नियमास कर्ता असतो, फितीस नसतो.

समाधानाची गोष्ट अशी कीं, ज्या वर्षीं वऱ्हाडच्या दुःखाकडे लक्ष गेलें त्याच वर्षीं कायद्यांनीं या हरवलेल्या कर्त्याचा शोध सुरू केला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें सामान्य नागरिकास सरकारी कागद पाहण्याचा हक्क दिला. उत्तर ३० दिवसांत यावें. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. आणि विनाकारण विलंब झाल्यास दंड खात्यास नव्हे, तर माहिती अधिकाऱ्यास, दिवसास २५० रुपये, २५,००० रुपयांपर्यंत. महाराष्ट्रानेंहि २००५ चाच एक अधिनियम केला. त्याचें पूर्ण नांव बदल्यांचें विनियमन व कर्तव्यांतील विलंबास प्रतिबंध असें लांबलचक आहे, पण लोक त्यास 'दप्तरदिरंगाईचा कायदा' म्हणतात. कोणत्याहि कर्मचाऱ्यापाशीं कोणतीहि फाइल सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहूं नये. दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत व जाणाऱ्याचा तीन महिन्यांत व्हावा, असें त्यांत आहे. पुढें २०१५ सालीं लोकसेवा हक्काचा कायदा आला. ठराविक दाखले ठराविक मुदतींत देण्याचा भार त्यानें पदनिर्देश केलेल्या अधिकाऱ्यावर घातला. या तिन्ही कायद्यांची भाषा बारकाईनें पाहिली तर त्यांनीं व्याकरणाची एकच दुरुस्ती केली आहे. त्यांनीं वाक्यांत कर्ता परत आणला. 'फाइल पडून आहे' याऐवजीं 'फाइल अमक्यापाशीं इतके दिवस आहे' असें म्हणणें भाग पाडलें. इंग्रजी फितीकडून आपण पुन्हां गीतेंतल्या दीर्घसूत्री कर्त्याकडे आलों.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. कुसुंभरंग उडतो तो ऊन लागल्यावर. आणि ऊन कपाटांत आपण होऊन जात नाहीं. कोणी तरी दार उघडावें लागतें. आज पुष्कळ कागद संगणकावर गेले, सातबारा घरबसल्या निघूं लागला, प्रत्यक्ष फीत तर नव्या कारकुनानें क्वचितच हातांत धरली असेल. तरी 'सिस्टीम बंद आहे' हें वाक्य ऐकलें म्हणजे आमच्या कानांस तें जुन्या फितीचेंच नवें रूप वाटतें. येथेंहि कर्ता नाहीं, यंत्र आहे. सुज्ञानें अशा वेळीं रागावूं नये व हताशहि होऊं नये. अर्जाची पोंच घ्यावी, तारीख लिहून घ्यावी, अधिकाऱ्याचें पद विचारावें आणि मुदत संपतांच लेखी विचारणा करावी. एवढ्यानें प्रत्येक काम होईल असें नाहीं. पण अडलेलें काम कोठें अडलें तें कळतें, आणि पुष्कळदां तेवढ्यानेंच तें हालतें.

शेवटीं आपल्या घराकडेहि पाहावें, कारण दीर्घसूत्र कचेरींतच असतें असें नाहीं. मोठ्या कुटुंबांत काम सर्वांचें म्हणून कोणाचेंच नसतें. आजोबांच्या पश्चात् वारसाची नोंद करावयाची असते. थोरले म्हणतात धाकटे करतील, धाकटे म्हणतात थोरल्यांच्या हातांत कागद आहेत, आणि घरांतील बायकांनीं विचारलें तर 'चाललें आहे' असें उत्तर मिळतें. या 'चाललें आहे' मध्यें तरी कर्ता कोठें आहे? वर्षें जातात, सह्या करणारीं माणसें परगांवीं पांगतात, कांहीं जग सोडून जातात; मग एक दिवस कर्जासाठीं, शिक्षणासाठीं वा आजारपणासाठीं कागद लागतो आणि आपण तहसीलीच्या नांवानें बोटें मोडतों. त्या दिवशींची निम्मी गांठ आपणच घरीं बांधलेली असते. ज्या घरांत जमिनीचे, घराचे व विम्याचे कागद कोठें आहेत हें दोघां-तिघांस ठाऊक आहे, आणि कोणतें काम कोणाकडे हें ठरलेलें आहे, त्या घरास बाहेरची फीतहि कमी जाचते, असा आमचा अनुभव आहे.

मुलांस हा वाक्प्रचार शिकविण्याचा प्रसंग आपल्या घरांतहि येईलच. परीक्षांतून तो अजून विचारतात. त्या वेळीं अर्थ अवश्य सांगावा, डिकन्सचें नांव सांगावें, करडीचीं फुलें शेतावर नेऊन दाखवावीं. पण त्याबरोबर 'दीर्घसूत्री' हा आपला शब्दहि त्यांच्या तोंडीं बसवावा, आणि कोणी 'काम लाल फितींत अडकलें' असें म्हटलें कीं, 'बांधली कोणी?' असें विचारण्याची संवय लावावी. फीत लाल होती कीं गुलाबी, हें मग सावकाश पाहतां येईल.